फ्लॉपी वाचली, मजकूर वाचेना

तालुक्याच्या गावात सामान्य माणसाने संगणक जवळून पाहिला तो बहुधा डीटीपीच्या दुकानात. रेणापूरसारख्या, लातूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या गावात मोठी छपाई नसली तरी चालायचे. मजकूर जुळवायचा, प्रूफ काढायचे आणि बटरपेपरवरची प्रिंट घेऊन लातूरची बस पकडायची. या दुकानांतून लग्नपत्रिका निघाल्या, रेणुकादेवीच्या यात्रेची पत्रके निघाली. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, प्रचाराची हँडबिले, ‘लातूर पॅटर्न’च्या भराच्या काळातले सराव प्रश्नसंच आणि एखाद्या हौशी कवीचा स्वखर्चाने काढलेला संग्रहही तिथेच टाइप झाला. पुढे दुकाने झेरॉक्सकडे वळली, मग ऑनलाइन फॉर्मकडे. जुना ‘सीपीयू’ माळ्यावर गेला किंवा भंगारवाल्याने नेला. फ्लॉप्यांचा डबा मात्र फेकवत नाही, कारण त्यावर बॉलपेनने काहीतरी लिहिलेले असते: ‘अहवाल ९७-९८’, ‘स्मरणिका फायनल’.

या डब्यातले परत मिळते का? संस्थेचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला नेमके त्याच दशकाचे कागद सापडत नाहीत, तेव्हा हा प्रश्न हळहळीचा राहत नाही, कामाचा होतो. जगभर यावर पुष्कळ काम झाले आहे, पण त्यातले बहुतेक इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून. तिथे चकती वाचली आणि जुना प्रोग्रॅम चालला की काम संपते. मराठीत मात्र खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि आपल्याकडे तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

आधी चकतीचे पाहू. साडेतीन इंची फ्लॉपीला दोन बाजू, बाजूला ८० ट्रॅक, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात, त्यालाच आपण १.४४ एमबी म्हणायचो. त्याआधीची सव्वापाच इंची, वाकणारी फ्लॉपी ३६० केबीची किंवा १.२ एमबीची. सोनीने २०११ साली फ्लॉपीची विक्री बंद केली, तेव्हा आज हाती येईल ती प्रत्येक फ्लॉपी जुनीच. चुंबकीय खूण तशी चिवट असते. बिघडतो तो तिला धरून ठेवणारा लेप आणि त्यावर वाढणारी बुरशी. मराठवाड्यात उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेला डबा पावसाळ्यात दमट हवा धरतो, आणि चकतीवर पांढरट ठिपके उठतात. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली की वाचणारे हेड घाण होते, मग तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा काढते. म्हणून आधी धातूची झडप सरकवून चकती हाताने फिरवून पाहायची, आणि ठिपके दिसले तर ती बाजूला ठेवायची. एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: १९८०च्या दशकातल्या कमी घनतेच्या फ्लॉप्या पुष्कळदा नव्वदीच्या शेवटी आलेल्या स्वस्त १.४४च्या फ्लॉप्यांपेक्षा बऱ्या वाचल्या जातात. म्हणजे डब्यातल्या सर्वांत जुन्या फ्लॉपीवर आधीच फुली मारू नये.

दुसरी खबरदारी लिहिण्याविरुद्धच्या कुलपाची. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवली की तिच्यावर काही लिहिले जात नाही. सव्वापाच इंचीला उलटे, तिथे खाच चिकटपट्टीने झाकायची. ही खबरदारी फाजील नाही. विंडोज ९५ला फ्लॉपी ओळखता यावी म्हणून तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःची खूण लिहून ठेवायची सवय होती. आपण नुसती फाईल बघायला म्हणून फ्लॉपी घालतो आणि मूळ वस्तू बदलून जाते.

वाचायला काय वापरायचे? यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह सर्वांत सोपा, पण तो साडेतीन इंचीच घेतो आणि खराब सेक्टर आला की हात वर करतो. जुन्या संगणकातला रुंद पट्टीच्या केबलचा ड्राइव्ह मिळाला तर तो सोडू नये. त्याला ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड जोडला की आजचा लॅपटॉपही फ्लॉपी वाचू शकतो. केअर फ्रेझर यांनी बनवलेल्या या बोर्डाची रचना खुली आहे. क्रायोफ्लक्स हे याच जातीचे त्याआधीचे साधन. हे बोर्ड शून्य-एक वाचण्याची घाई करत नाहीत. चकतीवर चुंबकीय दिशा कुठे कुठे पालटते त्या वेळा तेवढ्या नोंदवतात, आणि अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावते. त्यामुळे एकदा नोंद झाली की मूळ फ्लॉपीला पुन्हा हात न लावता दहा तऱ्हांनी अर्थ लावून पाहता येतो. मरणपंथाला लागलेल्या फ्लॉपीसाठी याहून चांगला मार्ग नाही. धडधाकट फ्लॉपीसाठी मात्र लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू पुरते. ते आधी चांगले भाग उचलते, कुठला सेक्टर राहिला याचा नकाशा ठेवते आणि मग त्या राहिलेल्यांच्या मागे लागते. दोन्ही वाटांनी हाती येते ती अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा. फायली एकेक करून ओढून घेण्याची घाई करणाऱ्याला पुसलेल्या फायली कधीच मिळत नाहीत. डॉसच्या पद्धतीत फाईल पुसली म्हणजे यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलते आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, मजकूर जागेवरच असतो. नव्या फाईलने ती जागा घेतली नसेल तर ‘स्मरणिका फायनल’च्या आधीचे कच्चे रूपही सापडते.

हार्डडिस्कची गोष्ट वेगळी. माळ्यावरचा संगणक खाली काढून थेट बटण दाबणे हा उत्साहाचा कळस आहे. आधी झाकण उघडावे. जुन्या मदरबोर्डांवर डाग देऊन बसवलेला निकेल-कॅडमियमचा सेल असे; तो पाझरला की आजूबाजूचे तांबे हिरवे करून खातो. सेल संपला की संगणक आपल्या हार्डडिस्कची मापे, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर, विसरतो आणि डिस्क नाहीच असे सांगतो. घाबरायचे कारण नसते. मापे बहुधा डिस्कच्या लेबलवर छापलेली असतात, ती हाताने भरायची. लोडशेडिंगच्या काळात राबलेल्या यंत्रांचा पॉवर सप्लायही शंकेखालीच धरावा. सर्वांत बरे म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून तिची प्रतिमा घेणे. चाळीस पिनांच्या आयडीई डिस्कसाठी यूएसबीचे अडॅप्टर मिळतात, पण अगदी सुरुवातीच्या छोट्या आयडीई डिस्क बहुतेक अडॅप्टर ओळखत नाहीत. तिथे पेंटियमच्या काळातला एखादा चालू संगणकच कामाला येतो. त्याहून जुन्या, दोन केबलच्या एमएफएम डिस्क पुष्कळदा फिरायला नकार देतात, कारण वर्षानुवर्षे पडून राहिल्याने हेड चकतीला चिकटलेले असते. तिथे हौशी माणसाने थांबावे हे बरे.

प्रतिमा हाती आली की इम्युलेशन, म्हणजे आजच्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे सोंग. डॉससाठी डॉसबॉक्स आहे. विंडोज ९५ किंवा ९८, त्यावर पेजमेकर आणि मराठीचे सॉफ्टवेअर असा सगळा संसार उभा करायचा असेल तर ८६बॉक्स किंवा पीसीएम बरे. ते मदरबोर्डपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत ठरावीक जुन्या यंत्राची नक्कल करतात. या वाटेचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईत जन्मलेल्या लेखकाचे आहे. सलमान रश्दींचे कागदपत्र आणि जुने मॅकिंतॉश संगणक अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने घेतले, आणि २०१०पासून अभ्यासकाला तिथे रश्दींच्या मॅकिंतॉश परफॉर्माचा पडदा जसाच्या तसा उघडून त्यांच्या फोल्डरांतून फिरता येऊ लागले. लेखक आपल्या फायली कशा लावतो, कशाला काय नाव देतो, हेही अभ्यासाचे साहित्य आहे असे त्या ग्रंथालयाने मानले. दुकानाच्या हार्डडिस्कला इतका मान द्यावा का? माझ्या मते द्यावा, निदान एकदा. ‘पत्रिका’ नावाच्या फोल्डरात गणपतीची किती चित्रे होती आणि कुठला मायना वर्षानुवर्षे चिकटवला जाई, हे गावाच्या सामाजिक इतिहासाला उपयोगी आहे.

आता अक्षरांकडे.

१९८५ साली आल्डसने काढलेला आणि १९९४मध्ये अडोबीकडे गेलेला पेजमेकर आपल्याकडे डीटीपीचा पाया होता; २००१ची सातवी आवृत्ती शेवटची. आजचे इनडिझाइन त्याच्या फायली उघडत नाही, जुन्या, सीएस६पर्यंतच्या आवृत्त्या उघडत. फुकटच्या लिबरऑफिसमध्ये मात्र पेजमेकर आणि कोरलड्रॉ दोन्ही वाचण्याची सोय आहे. म्हणजे फाईल उघडते. पण पडद्यावर येतो तो इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा, उलट्या प्रश्नचिन्हांचा सडा. ऑपरेटर म्हणतो, फॉण्ट नाही.

त्या काळच्या मराठी फाईलमध्ये मराठी नसतेच. कृतिदेव या फॉण्टमध्ये ‘मराठी’ टाइप केले की फाईलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी पाच रोमन अक्षरे साठतात. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना. हे रूप देवनागरीचे दिसते ते केवळ त्या फॉण्टने त्या जागांवर देवनागरी आकार काढून ठेवले म्हणून. जुळणीही खिळे लावणाऱ्या कंपोझिटरसारखी, डोळ्यांना दिसते त्या क्रमाने. ‘कि’मध्ये पहिली वेलांटी आधी, क नंतर. रफार दिसतो तिथे, म्हणजे ‘धर्म’मध्ये म संपल्यावर, अगदी शेवटी. ण हे अक्षर एक नसून अर्धा ण आणि काना. आजच्या युनिकोड संकेतात असे शब्द उच्चाराच्या क्रमाने बसतात, म्हणून नुसते ‘या अक्षराच्या जागी ते’ करून भागत नाही. वेलांट्या मागे आणि रफार पुढे न्यावे लागतात.

एकच कोष्टक असते तरी प्रश्न सुटला असता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची मांडणी निराळी, आकृतीची निराळी, सी-डॅकच्या आयएसएमची निराळी. सी-डॅकच्याच सुरेख किंवा योगेश या फॉण्टांचे एकभाषिक रूप डीव्ही-टीटी आणि द्विभाषिक रूप डीव्हीबी-टीटी; दोघांची अक्षरे दिसायला तीच, आतले आकडे वेगळे. पेजमेकरच्या फाईलमध्ये निदान फॉण्टचे नाव लिहिलेले असते. नुसत्या टेक्स्ट फाईलमध्ये तेही नसते. आणि फाईल वाचेना म्हणून सगळे सिलेक्ट करून युनिकोडचा मंगल फॉण्ट लावून सेव्ह केले, की होती नव्हती ती खूण पुसली जाते. हे मराठी कचेऱ्यांत इतक्या सहज होते की माझ्या अंदाजाने बुरशीपेक्षा जास्त मजकूर याच सवयीने घालवला असावा.

परदेशातही असे घडले आहे. अँडी वॉरहॉलने १९८५ साली अमिगा संगणकावर काढलेली चित्रे पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात फ्लॉप्यांवर पडून होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने क्रायोफ्लक्सने त्या वाचल्या आणि २०१४मध्ये ती चित्रे जाहीर झाली. पण फ्लॉप्या वाचून झाल्यावरही चित्रे लगेच दिसली नव्हती. ज्या स्वरूपात ती साठवली होती ते कोणालाच ओळखीचे नव्हते, ते उलगडत न्यावे लागले. आपल्या प्रत्येक डीटीपी फाईलची तीच स्थिती आहे, फक्त आपल्या मागे वॉरहॉलचे नाव नाही.

गंमत अशी की याहून जुना मराठी मजकूर जास्त सोपा आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले आणि जिस्ट कार्ड म्हणून बाजारात गेले. हे कार्ड संगणकात बसवले की डॉसवरच्या डीबेस, लोटस, वर्डस्टार अशा प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसे. त्यामागचा इस्की हा संकेत १९९१मध्ये भारतीय मानक झाला. त्यात क म्हणजे १७९, मग तो देवनागरी असो, कन्नड असो की तेलुगू. दिसण्याचे काम कार्डाचे, साठवण्याचे काम संकेताचे. लातूर-नांदेडसारख्या तीन भाषांच्या सीमेवर या कल्पनेचे मोल वेगळे सांगायला नको. इस्कीत मजकूर उच्चाराच्या क्रमाने असतो, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्या १९८८च्या क्रमावरच बेतलेली आहे. त्यामुळे आज जिस्ट कार्ड नसले, त्याचे इम्युलेशन नसले तरी अडत नाही. डीबेसची फाईल कशी रचलेली असते हे सर्वांना ठाऊक आहे, इस्कीचे कोष्टक छापलेले आहे. थोडे प्रोग्रॅमिंग येणारा पॉलिटेक्निकचा विद्यार्थीही गावांच्या नावांची यादी युनिकोडमध्ये आणू शकतो. मानक पाळून साठवलेले १९९१चे वाचता येते, आणि विंडोजवर देखण्या फॉण्टात साठवलेले १९९९चे अडते.

म्हणून कशाला आधी हात घालायचा, याचे उत्तर वयावरून देऊ नये. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर जिल्ह्यात अनेक संस्था पुनर्वसनासाठी राबल्या. अशा एखाद्या संस्थेच्या कपाटात डॉसच्या काळातल्या याद्यांच्या फ्लॉप्या निघाल्या, तर लग्नपत्रिका थांबू शकतात.

विंडोजच्या फॉण्टांसाठी काही तयार परिवर्तक आहेत. मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडियाचा टीबीआयएल कन्व्हर्टर अनेक फॉण्टांसाठी चाले, सी-डॅकचे स्वतःचे आहेत, आणि हौशी मंडळींनी केलेली पाने पुष्कळ. वापरताना मराठीची खास ठिकाणे तपासावीत: ‘तऱ्हा’तला ऱ, ‘ऑफिस’वरचा अर्धचंद्र, ळ, आणि आकडे. हिंदीसाठी बेतलेल्या परिवर्तकांची गडबड नेमकी इथे होते. कोष्टकच मिळाले नाही तर एक उपाय उरतो, तो छापील प्रतीचा. त्याच अहवालाचा एखादा कागद वाचनालयात सापडला, तर पानावरचा शब्द आणि फाईलमधली चिन्हे शेजारी ठेवून कोष्टक स्वतः बांधता येते. दोनचार भरगच्च पाने पुरतात, कारण जोडाक्षरांचे तुकडे पुन्हापुन्हा येतात. मग त्या दुकानातल्या बाकीच्या, छापील प्रत नसलेल्या फायलीही उलगडतात.

पण छापील प्रत पूर्णच असेल आणि हवा असेल फक्त मजकूर, तर हा सगळा खटाटोप करू नये. पान स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या ओसीआरने वाचावे आणि चुका दुरुस्त कराव्यात. फ्लॉपीच्या मागे लागायचे ते छापले न गेलेले काही हवे असेल तेव्हा: गाळलेले प्रकरण, आधीचा खर्डा, याद्या, हिशेब.

सरकारी बाजूला जुन्या नोंदींचा प्रश्न कधीच निव्वळ तांत्रिक राहिला नाही. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली, त्यांत महाराष्ट्राचा वर्धा होता. पुढे राज्यभर सातबारा संगणकावर आला, नवीन प्रणालीत गेला, आणि तरीही तो हस्तलिखित सातबाऱ्याशी ताडण्यासाठी तलाठ्यांना री-एडिटला बसावे लागले, गावोगाव चावडी वाचन झाले. १ मे २०१८ला डिजिटल सहीचा सातबारा आला तो या खटपटीनंतर. माहिती हाताशी असून, यंत्रणा असून, शेवटी कागद काढावाच लागला. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डिजिटल जतनासाठी वेगळे केंद्रही आहे, पण त्याचा भर शासकीय अभिलेखांवर. रेणापूरच्या दुकानदाराच्या हार्डडिस्कला तिथे दार नाही, आणि जिल्ह्याच्या पातळीवर ते कोणी उघडावे याचा विचार विद्यापीठाने किंवा सार्वजनिक ग्रंथालयांनी करायला हरकत नाही. एक जुना पेंटियम, दोन प्रकारचे ड्राइव्ह, एक ग्रीझवीझल आणि फॉण्टांची कोष्टके, एवढ्यावर तालुक्याचे काम निघते.

इम्युलेशनचे गणित जिथे फसते ते ठिकाण म्हणजे लॉक. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलवर चालत. तो बोटभर तुकडा नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. ८६बॉक्सने यंत्राची नक्कल केली तरी डोंगलची केलेली नसते. आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नाही, आणि यूएसबीची प्रिंटर केबल प्रिंटरपुरतीच असल्याने लॉक तिच्यावर बोलत नाही. इथे खऱ्या पोर्टाचा खरा जुना संगणक लागतोच, म्हणून दुकान आवरताना डोंगल फेकू नये आणि जुन्या विंडोजमधले फॉण्टांचे फोल्डर सगळ्यांत आधी उतरवून घ्यावे. लॉक तोडून देणारे भेटतात. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले ६५ए हे कलम अशा तोडफोडीविषयी आहे, त्याला काही अपवाद असले तरी ते वाचल्यावाचून त्या वाटेला जाऊ नये. तसेही मजकुरासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, कोष्टक पुरते. हुबेहूब पान हवे असेल तेव्हाच लॉकचा प्रश्न येतो.

आणि सगळे जमले, डिस्क वाचली, अक्षरे उलगडली, तर समोर जे येते ते दुकानदाराचे एकट्याचे नसते. डीटीपीवाल्याच्या हार्डडिस्कवर अर्ध्या गावाची शपथपत्रे असतात, मुलींचे बायोडाटा, वाटणीपत्रांचे मसुदे, कोणाविरुद्ध तरी केलेल्या तक्रारी. त्या माणसांनी ते कागद एका कामापुरते टाइप करून घेतले होते. प्रतिमा घेऊन झाली की पत्रके, अहवाल, स्मरणिका आणि पत्रिकांचे नमुने एका फोल्डरात युनिकोड मजकूर व पीडीएफ अशा दोन रूपांत काढावेत, सोबत फॉण्ट आणि मूळ फाईल ठेवावी. खासगी कागद न वाचता वेगळे काढावेत. ज्याचे आहेत तो गावात असेल तर त्याला पेनड्राइव्हवर द्यावेत, नसेल तर पुसावेत. पूर्ण प्रतिमा ठेवायचीच झाली तर ती कुलूप लावून दुकानदाराकडेच राहू द्यावी, वाचनालयाच्या संगणकावर चढवू नये.